शेगडी किंवा ओव्हन बिघडला तर घरी काय करता येईल? कोकण किनाऱ्यावरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीवर्धन असो की वेंगुर्ला, किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरात उपकरणं बिघडण्याची कारणं फिरून फिरून तीच निघतात. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, कमी-जास्त होणारी लाईट आणि वर्षातले कित्येक महिने कुलूप लागलेलं घर. त्यामुळे इथल्या बहुतेक तक्रारी खरं तर मळ, गंज आणि दमटपणाच्या असतात, आणि त्या घरच्या घरी सुटतात. घासणं, सुकवणं, सैल झालेलं घट्ट करणं हे घरचं काम. गॅसचा कॉक, रेग्युलेटर आणि मायक्रोवेव्हचं पोट या तीन जागा मात्र घरच्या माणसाने उघडायच्या नाहीत. प्रत्यक्षात लोक नेमकं उलट करतात. बर्नर घासायला मिस्त्रीला बोलावतात आणि रेग्युलेटर स्वतः पक्कड घेऊन खोलतात. म्हणून हे प्रश्न एकत्र करून त्यांची सविस्तर उत्तरं दिली आहेत.

गॅसचा वास येतोय. आधी काय करू?

दुरुस्तीचा विचार नंतर. आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसांना बाहेर काढा. विजेचं कुठलंही बटण दाबू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. देवापुढची समई विझवायला वास येणाऱ्या खोलीत धावू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात साचतो. म्हणून वरचा झरोका उघडून भागत नाही, मागचं-पुढचं दार उघडावं लागतं. अंगणात आल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. ही गॅसगळतीची हेल्पलाईन दिवसरात्र चालू असते.

गळती कुठे आहे ते शोधायचं तर साबणाच्या पाण्याने. वाटीत घट्ट फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरभोवती लावा. फुगे आले की जागा सापडली. काडी ओढून बघणारे लोक अजून आहेत. तसं कधीही करू नका, आणि कोणी करत असेल तर हात धरा.

सिलिंडरला रेग्युलेटर बसवतानाच फुसफुस आवाज येत असेल तर बहुधा सिलिंडरच्या तोंडातला रबरी वायसर खराब झालेला असतो. रेग्युलेटर काढून प्लॅस्टिकची टोपी घट्ट बसवा आणि एजन्सीला कळवा. तो वायसर घरी कोरून काढायच्या भानगडीत पडू नका. सिलिंडर घेतानाच टोपी काढून तपासायला सांगण्याची सवय लावली तर हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. त्याच वेळी सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. तिथे लिहिलेल्या तिमाहीपर्यंतच त्या टाकीच्या चाचणीची मुदत असते. मुदत टळलेली टाकी परत करा.

ज्योत निळी न येता पिवळी येते. शेगडी बिघडली का?

पिवळ्यात दोन प्रकार आहेत आणि किनाऱ्यावर ते ओळखता आलेच पाहिजेत.

पहिला प्रकार असा: ज्योत मुळात निळीच असते, पण तिच्यात केशरी-पिवळे ठिपके उडतात. समुद्राकडून वारा सुटला की जास्त, दार लावलं की कमी. भांड्याच्या बुडाला काजळी नाही. हे मीठ आहे. खाऱ्या हवेतल्या मिठाचे बारीक कण ज्योतीत गेले की त्यातलं सोडियम पिवळं जळतं. मिठाचं पाणी बर्नरवर उतू गेलं तरी असंच दिसतं. यात शेगडीचा काही दोष नाही. बर्नर धुऊन सुकवला की ते पुष्कळ कमी होतं.

दुसरा प्रकार: ज्योतीची टोकं सरळ पिवळी, लांब, मऊ आणि डुलणारी, आणि भांडी काळी होतात. इथे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. बर्नरची भोकं बुजलेली असतील, झाकण वाकडं बसलं असेल किंवा खालच्या मिक्सिंग ट्यूबमध्ये, म्हणजे गॅस आणि हवा मिसळणाऱ्या नळीत, काहीतरी अडकलं असेल. हे अंगावर काढू नका. अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पावसाळ्यात वाऱ्याच्या सडाक्यामुळे आपण सगळ्या खिडक्या लावून घेतो, आणि नेमकी त्याच दिवसांत अशी शेगडी धोक्याची होते. दुरुस्ती होईपर्यंत एक खिडकी तरी उघडी ठेवा.

ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जात असेल, मोठा आवाज करत असेल आणि दोन्ही बर्नरला तसंच होत असेल, तर रेग्युलेटर जास्त दाब सोडत असण्याची शक्यता आहे. टाकी बंद करा आणि रेग्युलेटर बदलून घ्या. तो दुरुस्त होत नाही, एजन्सीकडून बदलूनच मिळतो.

गणपतीला गावचं घर उघडलं. एक बर्नर छान पेटतो, दुसरा फक्‌ करून विझतो. मे महिन्यात तर ठीक होता.

हा भाद्रपदातला हमखास प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: कुंभारीण. ती मातीची घरटी बांधणारी गांधीलमाशीच्या जातीची माशी भिंतीवर, दाराच्या चौकटीत, प्लगच्या भोकात घर करते. शेगडीची मिक्सिंग ट्यूब म्हणजे तिला आयती नळी. बोटभर रुंद, अंधारी, पावसापासून आडोशाला. तिथे कधी कोळ्याचं जाळं असतं, कधी झुरळांची अंडी.

साफ करायचं ते असं. टाकी बंद करून रेग्युलेटर काढा आणि नळी शेगडीपासून सोडवा. वरच्या जाळ्या आणि बर्नर उचलून बाजूला ठेवा. शेगडी जाड कापडावर उलटी करा. आता बटणाच्या मागून बर्नरकडे जाणारी जी नळी दिसते ती मिक्सिंग ट्यूब. तिच्या तोंडाशी, थोडं अंतर सोडून, पितळेचा लहानसा जेट असतो आणि त्याच मोकळ्या जागेतून हवा आत जाते. एका टोकाला बॅटरी धरा आणि दुसऱ्या टोकातून बघा. गोल उजेड दिसला तर नळी मोकळी आहे. दिसला नाही, किंवा चंद्रकोरीसारखा अर्धाच दिसला, तर आत माती आहे.

माती काढायला माडाच्या झापाचा हीर उत्तम. कडक असतो, वाकतो आणि धातूवर ओरखडा उठवत नाही. चार हीर एकत्र घेऊन टोकाला चिंधी बांधा आणि बर्नरच्या बाजूने जेटच्या बाजूकडे ढकला. उलट दिशेने फुंकर मारली तर सुटलेली माती पुन्हा आतच जाते. सगळं बाहेर पडलं की कोरड्या टूथब्रशने जेटचं तोंड हलकेच झाडा.

जेटच्या भोकात मात्र हीर घालू नका, मोडून आतच राहील. सुई तर मुळीच नको. ते भोक एक मिलिमीटरहूनही बारीक आणि मोजून पाडलेलं असतं. सुईने ते रुंदावलं की त्या बर्नरला कायमचा जास्त गॅस मिळत राहतो, ज्योत पिवळी होते आणि टाकी लवकर संपते. ब्रशने मोकळा झाला नाही तर नवा जेट घ्यावा. तो महाग नसतो. तुमच्याच शेगडीचा, त्याच बर्नरचा हवा, कारण लहान आणि मोठ्या बर्नरचे जेट वेगळे असतात. शहरात पाईपचा गॅस वापरलेली शेगडी गावी आणली असेल तर जेट बदलल्याशिवाय ती टाकीला जोडू नका. पाईपच्या गॅसचे जेट मोठ्या भोकाचे असतात.

जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावून बघा आणि मगच काडी ओढा.

बर्नर कसा घासायचा? कितीही घासला तरी हिरवा पडतो.

पितळेवर मीठ आणि ओलावा एकत्र बसले की हिरवा थर चढतो. आपल्याकडे तर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, उतू जातं, म्हणजे मीठ आणि आंबट दोन्ही. सोलकढी असो, माशाचं तिखलं असो की कैरीचं सार, सांडलं की त्याच दिवशी बर्नर काढून धुवावा. दुसऱ्या दिवशी तो थर कडक झालेला असतो.

पद्धत साधी आहे. गार झालेला बर्नर गरम पाण्यात साबण आणि थोडा खायचा सोडा घालून तासभर ठेवायचा. जुन्या टूथब्रशने घासायचा, भोकं एकेक करून काडीने मोकळी करायची. हिरवा थर उरलाच तर आमसुलं किंवा चिंच चोळायची, देवाची भांडी घासतो तशी. पण आंबट लावल्यावर लगेच भरपूर पाण्याने धुवा, आंबट राहिलं तर हिरवेपणा दुप्पट वेगाने परत येतो. त्यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि तीच महत्त्वाची आहे: पूर्ण सुकवणं. ओला बर्नर बसवला की तो फुरफुरतो, तडतडतो आणि लोकांना वाटतं अजून बिघाड आहे. उन्हात ठेवा. पावसाचे दिवस असतील तर दुसऱ्या बर्नरजवळ, उबेला.

बर्नरचं झाकण खाचेत नीट बसलंय का ते बोटाने फिरवून बघा. तिरकं बसलेलं झाकण एका बाजूला पिवळी ज्योत देतं. झाकण झिजून कडेला चीर गेली असेल तर घासून उपयोग नाही, नवीन घ्या.

बटण दाबून पेटणारी शेगडी आता नुसती टिक टिक करते.

टिकटिक येतेय म्हणजे ठिणगी तयार होतेय, पण जागेवर पडत नाही. बर्नरशेजारी पांढऱ्या चिनी मातीचा छोटा खुंट असतो, त्याच्या टोकाच्या तारेपासून बर्नरपर्यंत ठिणगी उडी मारते. ते अंतर साधारण तीन ते पाच मिलिमीटर असावं लागतं. तार वाकली असेल, खुंटावर तेलाचा थर असेल किंवा दूध उतू जाऊन तो ओला असेल, तर ठिणगी वाटेतच दुसरीकडे निसटते. कोरड्या फडक्याने पुसा, सुकू द्या. खुंटाला तडा गेला असेल तर तो बदलावाच लागतो. टिकटिकच येत नसेल तर आधी सेल तपासा. दमट हवेत सेलच्या स्प्रिंगवर गंज चढतो. बारीक पॉलिश पेपरने घासला की पुष्कळदा काम होतं.

गॅसचं बटण फिरवायला खूप जड जातंय. खोबरेल सोडू का?

नको. आतल्या कॉकमध्ये उष्णता सोसणारं खास ग्रीस असतं. खोबरेल तापून चिकट होतं आणि कॉक अर्धवट उघडा अडकू शकतो. वरचं प्लॅस्टिकचं बटण ओढून काढा, दांड्याभोवतीचा मळ पुसा. एवढ्याने हललं तर उत्तम. नाही तर मिस्त्री.

नळी किती वर्षांनी बदलावी? दिसायला तर चांगली आहे.

केशरी सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलावी. तारीख तिच्यावरच छापलेली असते. आत तारेची जाळी असल्यामुळे उंदराला ती सहज कुरतडता येत नाही, आणि कौलारू घरात हे फार मोलाचं आहे. साधी हिरवी रबरी नळी अजून असेल तर पाच वर्षांची वाट बघू नका, आजच काढा. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, ओट्यातल्या भोकातून ताणून नेऊ नये आणि मध्ये जोड तर नकोच. टोकाची क्लिप गंजून पातळ झाली असेल तर ती पण बदला. खाऱ्या हवेत नळीआधी क्लिपच जाते.

पावसाळ्यानंतर ओटीजी (कॉइलवर तापणारा विजेचा ओव्हन) लावला की घरची सगळी लाईट जाते. ओव्हन जळला का?

बहुधा नाही. ओटीजीच्या कॉइलची रचना समजून घेतली की हे लगेच कळतं. बाहेरून दिसते ती धातूची नळी. तिच्या मधोमध तापणारी तार असते आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पूड ठासलेली असते. ही पूड कोरडी असेपर्यंत वीज बाहेरच्या नळीपर्यंत येऊ देत नाही. पण तिला ओलावा ओढून घ्यायची सवय. टोकाकडच्या बारीक फटीतून जून ते सप्टेंबर दमट हवा आत शिरत राहते. मग ऑक्टोबरात प्लग लावला की थोडी वीज पुडीतून नळीवर, तिथून अर्थिंगमध्ये जाते. ३० मिलिअँपिअर इतकी गळती झाली तरी घरचा ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा खटका, पडतो. तो नेमका यासाठीच बसवलेला असतो.

उपाय सुकवण्याचा. प्लग काढलेला ओव्हन दार उघडं ठेवून, पाठ सूर्याकडे करून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि संध्याकाळी आत घ्या. पाऊस सुरूच असेल तर चुलीच्या खोलीत, जाळापासून लांब पण उबेत ठेवा. नंतर एकावेळी एकच कॉइल चालू करून बघा, आधी फक्त खालची, मग फक्त वरची. कुठल्या कॉइलवर ईएलसीबी पडतो ते कळेल. सुकवूनही तीच कॉइल पाडत असेल तर ती बदला. साध्या मल्टिमीटरवर ही गळती नेहमी दिसत नाही, ती बघायला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारं यंत्र, लागतो. म्हणून मीटर ‘ठीक’ म्हणतोय आणि ईएलसीबी पडतोय असं झालं तर ईएलसीबीवर विश्वास ठेवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. “प्लगमधली अर्थिंगची वायर काढा, म्हणजे पडणार नाही” असा सल्ला गावोगाव दिला जातो. खरंच पडायचा थांबतो. पण तीच वीज आता ओव्हनच्या पत्र्यावर उभी असते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्या पत्र्याला हात लावणारं माणूस घरचंच असतं. असा सल्ला देणाऱ्याकडून दुसरी कुठलीही दुरुस्ती करून घेऊ नका.

ईएलसीबी पडत नाही, पण वरची कॉइल तापतच नाही.

प्लग काढा, ओव्हन गार होऊ द्या, मग बाजूचा पत्रा खोला. गंजलेले स्क्रू जबरदस्तीने फिरवले तर डोकी झिजतात. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवले की सकाळी सुटतात.

आत कॉइलच्या टोकाला चपटी पट्टी असते आणि तिच्यावर वायरची टोपी खोचलेली असते. पहिली नजर तिथे टाका. खाऱ्या हवेने ती टोपी गंजते, सैल होते, सैल जोडावर ठिणग्या पडतात आणि वायरचं आवरण काळं, ठिसूळ होऊन बोटाला चिकटतं. जळका वास तिथूनच येत असतो. कॉइल शाबूत आणि जोड जळलेला, हे आपल्याकडे वारंवार दिसतं. जळलेला भाग कापून नवी टोपी दाबपक्कडीने घट्ट बसवा. वायर उष्णता सोसणारी, काचेच्या धाग्याच्या किंवा सिलिकॉनच्या आवरणाचीच हवी. घरच्या वायरिंगची पीव्हीसी वायर तिथे वितळते. झाळून जोडू नका. नेहमीचं शिसं-कथलाचं झाळण १८३ अंशांच्या आसपास पातळ होतं आणि ओव्हन तर २०० च्या पुढे जातो.

जोड ठीक असेल तर कॉइलची एक वायर सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा. हिशोब सोपा आहे. २३० चा वर्ग करून वॉटने भागायचा. १००० वॉटच्या कॉइलला साधारण ५३ ओहम, ७५० वॉटला ७० च्या आसपास. गार कॉइल थोडी कमी दाखवते. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. नवी कॉइल आणायला दुकानात जाताना जुनी सोबत न्या, कारण वॉट, लांबी आणि टोकाची वाकण हे तिन्ही जुळावं लागतं. बऱ्याच ओव्हनमध्ये एकाच बाजूच्या दोन कॉइल एकामागोमाग जोडलेल्या असतात. एक तुटली की दोन्ही बंद पडतात. म्हणून दोन्ही मोजल्याशिवाय खरेदी करू नका.

दोन्ही कॉइल, टायमर आणि स्विच ठीक असूनही ओव्हन मेल्यासारखा असेल तर आतला थर्मल फ्यूज गेलेला असतो. तो एकदाच उडतो. त्याच अंशांचा नवा बसवा. वायरचा तुकडा लावून तो ओलांडणं म्हणजे आगीला वाट करून देणं आहे.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ओव्हन रिकामाच वीस मिनिटं २०० वर चालवा, खिडक्या उघड्या ठेवून.

तवसोळी (काकडीचा केक) वरून लाल होते, आत कच्चीच. थर्मोस्टॅट गेला का?

आधी लाईट तपासा. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि पंखे चालू असताना व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं तर २००० वॉटचा ओव्हन जेमतेम १२२५ वॉटचा राहतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणून फरक वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. तीच तवसोळी दुपारी भाजून बघा. दुपारी चांगली झाली तर ओव्हन निर्दोष आहे. फ्रिजचा स्टॅबिलायझर ओव्हनला लावू नका, तो हा भार पेलत नाही.

दुपारीही तेच झालं तर साखरेची परीक्षा करा. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. ओव्हन १७५ वर नीट तापू द्या, चमचाभर साखर छोट्या वाटीत घालून पंधरा मिनिटं मधल्या जाळीवर ठेवा. वितळायला नको. मग नवी साखर घेऊन १९० वर तेवढाच वेळ. आता वितळायला हवी. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे, १९० लाही दाणे तसेच राहिले तर थंड आहे. फरक कमी असेल तर थर्मोस्टॅट बदलण्यापेक्षा तेवढा वाढवून-घटवून लावा. पूर्वी काकडीचं धोंडस पातेल्यात भाजताना खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवत. वरचे निखारे किती हे हातच ठरवत असे. ओव्हनमध्ये तोच अंदाज जाळी एक खाच खाली सरकवून आणि वरची कॉइल शेवटी लावून साधता येतो.

दाराची रबरी पट्टी कडक झाली असेल किंवा दार नीट मिटत नसेल तरीही आत कच्चं राहतं. दारात कागदाची पट्टी धरून मिटा. सहज ओढून निघाली तर उष्णताही तिथूनच निघतेय.

ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात.

वापर लगेच थांबवा. ओव्हनमध्ये गळती आहे आणि घरचं अर्थिंग काम करत नाही, असे दोन दोष एकाच वेळी असण्याची शक्यता मोठी. जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. पाऊस लागला की तात्पुरतं सुधारतं. खड्ड्यात पाणी घालणं हा चार दिवसांचा उपाय झाला. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. तसंच १५०० वॉटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो आणि २००० चा त्याहून जास्त. तो सहा अँपिअरच्या साध्या प्लगला, एक्स्टेंशन बोर्डवर कधीही लावू नये. १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा.

मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. पत्रा खोलून बघू?

पत्रा खोलू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट साठवून ठेवू शकतो आणि तो झटका जीव घेतो. अनुभवी वायरमनलाही मायक्रोवेव्हचं वेगळं प्रशिक्षण नसेल तर हात लावू देऊ नका.

बाहेरून करता येण्यासारखं एक काम आहे आणि ठिणग्यांचं कारण बहुधा तेच असतं. आतल्या बाजूच्या भिंतीवर राखाडी रंगाची अभ्रकाची पातळ पट्टी असते. तिच्यावर माशाचं तेल, खोबऱ्याचं तूप उडून बसतं, ते जळतं, काळा डाग पडतो आणि तिथे ठिणगी उडते. पट्टी पुसून घ्या. भोक पडलं असेल तर नवी पट्टी त्या मापाची कापून बसवता येते. आतला रंग उडून पत्रा गंजला असेल किंवा दार सैल झालं असेल तर तो मायक्रोवेव्ह वापरू नका.

घरात पुराचं पाणी शिरलं होतं. ओव्हन आणि शेगडी वाचेल का?

२२ जुलै २०२१ नंतर चिपळुणात हा प्रश्न घराघरात होता. शेगडी बहुतेक वाचते. बर्नर, ट्यूब धुऊन सुकवा, कॉक मिस्त्रीकडून उघडून घ्या, नळी आणि रेग्युलेटर नवे घ्या. ओटीजीच्या दुहेरी पत्र्यांमध्ये चिखल शिरतो आणि तिथला उष्णता अडवणारा कापूस कधीच नीट सुकत नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, टायमर सगळं बदलायचं तर नव्याच्या जवळपास खर्च येतो. मायक्रोवेव्ह सोडून द्या. ओल्या वस्तू ‘चालतात का’ म्हणून प्लगला लावून बघायचा मोह आवरा.

वादळाची गोष्ट थोडी वेगळी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत अनेक गावांना कित्येक दिवस लाईट नव्हती. अशी लाईट परत येते तेव्हा सुरुवातीला व्होल्टेज वेडंवाकडं असतं. वादळाचा इशारा आला किंवा वळवाच्या, परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवा आणि लाईट स्थिर झाल्यावर मगच लावा. नुसता खटका बंद करून पुरत नाही.

गोबरगॅसची शेगडी मंद जळते.

आधी पाईपातलं पाणी काढा. गोबरगॅस ओला असतो, ते पाणी पाईपच्या सखल भागात साचतं आणि ज्योत फकफकते. तिथे पाणी सोडायची चावी नसेल तर बसवून घ्या. या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड असतो, त्यामुळे पितळ लवकर खातं आणि कॉक वारंवार बघावा लागतो. टाकीच्या गॅसची शेगडी त्याला जोडून चालत नाही.

काचेच्या शेगडीची काच तडकली. चिकटवता येईल?

नाही. ती कडक केलेली काच असते, एक तडा म्हणजे पूर्ण ताकद गेली. काच बदलेपर्यंत शेगडी बंद.

मुंबईला परत जाताना काय करून ठेवावं?

रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा. बर्नर धुऊन, कडकडीत सुकवून कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. शेगडीच्या ट्यूबांची दोन्ही तोंडं चिंधीने बंद करा आणि चिंधीचं टोक बाहेर लोंबत ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला पेटवण्याआधी ती काढायची आठवण राहील. ओव्हनचा प्लग काढा, जाळ्या पुसून आत वर्तमानपत्र घाला. दार थोडं उघडं ठेवून वर जुनी चादर टाका. प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. गावात राहणाऱ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवता आलं तर पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा आतलं वर्तमानपत्र आणि वरची चादर काढून एकदा दहा मिनिटं ओव्हन रिकामा चालवून घ्या. कॉइल कोरड्या राहायला तेवढं पुरतं.

मिस्त्रीला फोन करताना काय सांगू? दोन-दोन खेपा होतात.

खेपा सामानासाठी होतात. म्हणून ओव्हनच्या मागची पाटी मोबाईलवर फोटो काढून आधीच पाठवा. तिच्यावर मॉडेल आणि वॉट असतात. बिघाड कधी दिसतो ते सांगा: थंड असताना की तापल्यावर, दुपारी की संध्याकाळी, एका बर्नरला की दोन्हीला. ईएलसीबी पडतो की एमसीबी पडतो हेही बघून सांगा, कारण पहिल्यात गळती असते आणि दुसऱ्यात शॉर्ट किंवा जास्त भार. दोन्हीचं सामान वेगळं. तुम्ही स्वतः काही उघडलं असेल तर तेही लपवू नका. आणि गणपती किंवा शिमग्याच्या आदल्या आठवड्यात फोन करू नका. त्या दिवसांत तालुक्यातला प्रत्येक मिस्त्री कुठल्या ना कुठल्या बंद घरातली शेगडी उलटी करून बसलेला असतो.